कुंदाताई, ते दचकलेलेच होते

कुंदाताई, तुमच्या अनघाचा फोन आला तेव्हा माझ्या हातात एक सर्किट बोर्ड होता. सकाळचे साडेदहा वाजले असतील, चहा अजून यायचा होता. "सुजातामावशी, आई गेली गं पहाटे. झोपेतच," ती म्हणाली. मी नुसतं "हो" म्हटलं, फोन ठेवला आणि तो बोर्ड शेवटपर्यंत तपासला. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, एकेक पाय. मग खूण करून ट्रेमध्ये ठेवला, उठले आणि स्टोअरच्या दाराआड जाऊन रडले. पोरींना वाटलं असेल, मॅडमचं काळीज दगडाचं आहे. पण अर्धा बघितलेला बोर्ड खाली ठेवायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत. अर्धा बघितलेला म्हणजे न बघितलेला. तुमच्याच बातमीसाठी तुमचाच नियम मोडला असता तर तुम्ही वरून ओरडला असतात.

आता पंधरा दिवस झालेत. लाईन चालू आहे, डोंबिवलीच्या एमआयडीसीतला तो वास चालू आहे, साहेबांचा खोकला चालू आहे. तुमच्याशी एकच गोष्ट बोलायची राहिली आहे आणि ती गेली आठ वर्षं राहिली आहे. तुमच्यावर मी एक आळ आणला होता. तो खोटा होता हे मला कळलं, तरी तुम्ही हयात असताना मी तो उतरवला नाही. वेळ झाला नाही, असं सांगण्याइतकी मी निर्लज्ज नाही. वेळ भरपूर होता. धीर नव्हता.

पण आधी त्या पहिल्या दिवसाकडे जाऊ द्या, कारण तो आठवला की अजून हसू येतं.

मी एकोणीस वर्षांची, ठाकुर्लीहून शेअर रिक्षाने आलेली, बारावीला गणितात गटांगळ्या खाल्लेली. सोल्डरिंगचं आयर्न मी हातात पेन धरावं तसं धरलेलं आणि मनात धास्ती की याने बोट भाजणार. मी सोल्डरची तार आयर्नच्या टोकावर वितळवायची आणि तो थेंब उचलून बोर्डावर नेऊन ठेवायची. वाटेत तारेतला फ्लक्स, म्हणजे सोल्डरला पसरवणारा चिकट पदार्थ, जळून जायचा आणि बोर्डावर एक काळपट गोळी बसायची. तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात.

"काय करतेस गं?"

"सोल्डर लावतेय."

"लावतेस कुठे, भरवतेस. ते काय तान्हं बाळ आहे, चमच्याने भरवायला?"

सगळी लाईन हसली. मी इतकी ओशाळले की त्याच दिवशी नोकरी सोडायचं ठरवलं. मग तुम्ही माझ्या शेजारी स्टूल ओढून बसलात, माझ्या हातावर हात ठेवून आयर्न टेकवलंत. "आधी दोघांना तापव. बोर्डावरच्या तांब्याच्या पॅडलाही आणि वरच्या पायालाही. एकालाच तापवलंस तर दुसरा रुसणार. दोघं तापले की सोल्डर नुसतं दाखव. ते आपल्या आपण जातं." आणि खरंच गेलं. पायाभोवती सरसर पसरलं, काठाशी पातळ होत गेलं आणि चकाकलं. त्या भिंगाच्या दिव्याखाली मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातची एक गोष्ट बरोबर झालेली बघितली.

"आता आयर्न काढ आणि पाच मोज. तोवर हलायचं नाही. श्वास घ्यायचाच असला तर हळू घे."

एक, दोन, तीन, चार, पाच. मी अजून मोजते, ताई. कुकरचं झाकण उघडतानाही मोजते.

नावं ठेवण्यात तुमचा हात धरणारं कोणी नव्हतं. भिंतीवर इंग्रजी तक्ता होता, रंगीत चित्रांचा, कुठल्याशा परदेशी पुस्तकातून मोठा करून घेतलेला. तो कोणी वाचत नसे. आम्ही शिकलो ती तुमची नावं. सोल्डर कमी पडलं तर तो जॉइंट उपाशी. जास्त झालं तर ढेरपोट्या. आयर्न उचलताना वर टोक राहिलं तर शेंडी. बारीक गोळ्या उडून पडल्या तर साबुदाणा. दोन शेजारचे पाय मध्येच सोल्डरने जोडले गेले, जे कधीच जोडले जायला नकोत, त्याला तुम्ही म्हणायचात, शेजारणी बोलायला लागल्या. नवीन आलेली मुलगी आठवड्याभरात सगळे दोष ओळखायला लागायची. मग ती नावं माणसांनाही चिकटायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर साहेब आले की तुम्ही भिंगातून डोळा न काढता म्हणायचात, "सोल्डर जास्त झालंय." मी वर बांधलेल्या केसांमुळे दोन वर्षं शेंडी होते.

आणि ते दोन. दिसायला जवळजवळ सारखे, दोन्ही मलूल, दोन्ही चमक गेलेले. नवख्या माणसाला फरक कळणार नाही. तुम्ही मात्र त्यांना कधी एका नावाने हाक मारली नाहीत. एक रुसलेला आणि एक दचकलेला.

रुसलेल्याला ऊब पुरेशी मिळालेली नसते. सोल्डर पॅडवर नुसतं येऊन बसतं, गोळा होऊन, काठ आत वळवून. त्याला पुन्हा नीट तापवलं की तो मऊ होतो आणि पसरतो. दचकलेल्याचं तसं नाही. त्याला ऊब मिळालेली असते, तो काठापर्यंत छान पसरलेलाही असतो, पण थिजता थिजता कोणीतरी त्याला हलवतं. दुधावर साय धरत असताना पातेल्याला धक्का लागला की सुरकुत्या पडतात, तशा बारीक सुरकुत्या त्याच्या अंगावर दिसतात. आत कुठेतरी चीर असते. आज चालतो, उद्याही चालतो, आणि एक दिवस अचानक तुटतो. "रुसलेल्याला तापव," तुम्ही सांगायचात. "दचकलेला दिसला तर त्याला नको बघूस. कोण हलवतंय ते बघ."

मी कल्याणला संध्याकाळच्या वर्गाला जाऊन डिप्लोमा केला तेव्हा तीन वर्षं तुम्ही माझे शेवटचे बोर्ड पुरे केलेत. पाच वाजले की मान न वळवता म्हणायचात, "नीघ. मी बघते." परीक्षेच्या दिवशी तुम्ही मला दही-साखरेऐवजी तुमचा चिमटा दिलात. परीक्षेत चिमट्याचं काय करायचं, हे मी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाहीत. दप्तरात ठेवला आणि पास झाले. माझी सुपरवायझर म्हणून नेमणूक झाली तेव्हा लाईनवर पेढे वाटले ते माझ्या आईने नाही, तुम्ही.

त्या नेमणुकीनंतर वर्षभरात मी काय केलं, ते आता लिहायलाच हवं.

आपल्याला लिफ्टच्या दरवाजांच्या कंट्रोल बोर्डांचं मोठं काम मिळालं. त्या ग्राहकाचा दोष नोंदवायचा स्वतःचा फॉर्म होता आणि त्यात मलूल जॉइंटसाठी एकच रकाना होता, कोल्ड. मी नवा तक्ता छापून घेतला, संगणकावर कोड बसवले आणि रुसलेला नि दचकलेला, दोघांना त्या एका रकान्यात कोंबलं. माझ्या डोक्यात नवा डिप्लोमा होता. तुम्ही तक्ता बघितलात, चष्मा वर सरकवून परत बघितलात.

"सुजाता, मीठ आणि साखर एकाच डब्यात भरतेस तू."

"ताई, ग्राहकाच्या फॉर्ममध्ये एकच रकाना आहे."

"ग्राहकाला वेगळं काय ते माहीत नाही. आपल्याला माहितीय ना?"

तेव्हा मी सगळ्या लाईनसमोर म्हणाले, "ताई, आता हे घरगुती चालणार नाही." तुम्ही त्या दिवसापासून सांगितलं तसं लिहीत गेलात, दोन्हींना कोल्ड.

चार महिन्यांत बोर्ड परत यायला लागले. कुठल्यातरी इमारतीत लिफ्टचा दरवाजा मध्येच अडायचा, परत सुरू व्हायचा. कोणाला इजा झाली नाही, पण माणसं आत अडकून घाबरली होती. मी संगणकावर आलेख काढला. कोल्डची रेघ वर चाललेली. हे बोर्ड हाताने नाही, मशिनवर व्हायचे; चेनवरून सरकत वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून जायचे. कोल्ड म्हणजे ऊब कमी, म्हणून मी त्या सोल्डरचं तापमान वाढवलं. रेघ आणखी वर गेली. आणखी वाढवलं, चेनचा वेग कमी केला, म्हणजे बोर्ड लाटेवर जास्त वेळ राहील. रेघ आणखी वर. तुम्ही एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आलात. बाकी कोणी नव्हतं.

"तापवून काय होणार गं? रुसलेले नाहीयेत. दचकलेत ते. कोणीतरी हलवतंय."

"ताई, मी डेटा बघते," मी म्हणाले. वर सुद्धा बघितलं नाही.

मग ग्राहकाची माणसं आली. मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं की हे बोर्ड तपासणीतून सुटले कसे. सुटले नव्हतेच, ताई. तुम्ही एकेक नोंदवला होता, फक्त आम्ही ते तापवून, टच-अप करून पुढे पाठवत होतो. पण त्या खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला माझा तक्ता वाचवायचा होता. मी म्हणाले, "तपासणी एका सिनियर ऑपरेटरकडे आहे. वयामुळे नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही." हे वाक्य मी तीन सेकंदात बोलले. ते फाईलमध्ये गेलं, तुमच्या नावासकट. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तुम्हाला पॅकिंगला हलवलं.

तुम्ही भांडला नाहीत. भिंगाचा दिवा पुसलात, त्याची वायर गुंडाळलीत आणि तो माझ्या हातात दिलात. "घ्या मॅडम," म्हणालात. अगं-तूगं करणारी बाई एका रात्रीत अहो-जाहो करायला लागली. त्या एका "घ्या"ने मला जितकं भाजलं तितकं कुठल्या आयर्नने भाजलं नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी वैतागून मशिनशेजारी उभी राहिले. तासभर नुसती उभी. कंटाळून चेनच्या रेलवर हात टेकला, आणि तळव्याला हिसका लागला. थोड्या वेळाने पुन्हा. चेनची एक कडी झिजली होती. लाट ओलांडून बोर्ड जरा पुढे आला की ती कडी अडायची नि सुटायची. मी तापमान वाढवलं होतं, बोर्ड लाटेवर जास्त वेळ तापत होता, म्हणजे त्या जागी येईपर्यंत सोल्डर पूर्ण थिजत नव्हतं आणि नेमकं थिजता थिजता हिसका बसायचा. जितकी मी हुशारी केली तितके जास्त दचकले. कडी बदलली आणि तीन दिवसांत रेघ खाली आली. मी अहवालात लिहिलं, यांत्रिक बिघाड, दुरुस्त. तुमचं नाव कुठेच लिहिलं नाही. पॅकिंगच्या टेबलापाशी येऊन तुम्हाला म्हणाले, "ताई, चेनचा प्रॉब्लेम होता." तुम्ही खोक्याला टेप लावत होता. "बरं झालं, सापडलं," म्हणालात, आणि टेप दातांनी तोडलीत.

तिथेच बोलायला हवं होतं. नाही बोलले. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मी शाल दिली आणि भाषण केलं. योगदान, मार्गदर्शन, मोलाचं, सगळे शब्द वापरले. जो हवा होता तो सोडून.

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी मी तुमच्या घरी आले ती हे बोलायचं ठरवूनच. रिक्षात तीनदा वाक्य घोकलं होतं. तुम्ही दार उघडलंत आणि म्हणालात, "अगं शेंडी, ये." इतक्या वर्षांनी. मला तिथेच हुंदका आला असता. तुमच्या गॅलरीत टेबलभर दिव्यांच्या माळा पसरल्या होत्या. सगळ्या सोसायटीच्या बंद पडलेल्या माळा तुमच्याकडे येतात, हे मला तेव्हा कळलं. एका टोकाला तेच जुनं आयर्न, आणि लाईनवर ठेवायचात तशाच मातीच्या पणतीत आयर्न पुसायचा ओला स्पंज.

"यंदा ठाण्याच्या टेंभी नाक्याला देवीला जाववणार नाही, गुडघे नाही म्हणतायत," तुम्ही सांगत होतात. "माहेर तिथलं, पण माझा स्वभाव वाईट. एवढी रोषणाई असते, आणि माझी नजर नेमकी बंद पडलेल्या माळेवर जाते. दर्शन राहतं बाजूला."

मी खुर्ची पुढे ओढली. "ताई, तेव्हा त्या मीटिंगमध्ये मी..."

"आधी ही तार धर."

मी धरली. तुम्ही आयर्न टेकवलंत, सोल्डर दाखवलंत, ते पळत गेलं. आयर्न काढलंत. मी पुन्हा तोंड उघडलं.

"हलू नकोस. पाच मोज."

मी मोजले. पाच झाले तोवर तुम्ही दुसरी तार उचलली होती. मग तिसरी. दुपार गेली, सात माळा लागल्या, आपण उपमा खाल्ला, आणि तुम्ही माझ्या भावजयीच्या बाळंतपणाची चौकशी केलीत. निघताना दारात माझ्या पाठीवर हात ठेवलात. थोडा जास्त वेळ ठेवलात, असं मला वाटलं. तुम्हाला माहीत होतं का मी काय बोलायला आलेय? मला वाचवलंत, की ऐकून घ्यायची इच्छाच नव्हती? हे मी कितीदा स्वतःला विचारलंय. यावर फार बोलले तर तुम्ही म्हणाल, "सोल्डर आहे ते, प्रवचन नको." म्हणून सोडते. पण ती दुपार तुम्ही मला दिलीत, तिच्यासाठी मी तुमची ऋणी आहे. तुम्ही मला पुन्हा शेंडी म्हणालात, एवढं मला पुरलं असतं.

पुरलं असतं, जर तुमच्या अनघाने ती गोष्ट सांगितली नसती.

तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी मी घरी गेले होते. अनघा तुमचं कपाट आवरत होती. बोलता बोलता म्हणाली, "मावशी, आईला कंपनीत पॅकिंगला टाकलेलं ना, तेव्हा ती एकटीच जाऊन डोळे तपासून आलेली. आम्हाला सांगितलं पण नाही. पर्समध्ये ती चिठ्ठी सापडली. नंबर तोच होता, काहीच बदललेला नव्हता." तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. "मग तिने कोणाला दाखवली का नाही गं?" तिने विचारलं.

मी तिला तिथेच सगळं सांगितलं, ताई. बाजूला बसवून, मीटिंगमधल्या त्या वाक्यासकट.  तुमची ती जांभळी साडी तिने दोनदा उलगडली आणि दोनदा घडी केली. मग म्हणाली, "आई तुमच्याबद्दल कधी वाईट बोलली नाही." आणि थोड्या वेळाने, "पण तुम्ही हे कंपनीत सांगा, मावशी. मला सांगून काय उपयोग?" शंभर टक्के तुमची मुलगी आहे. नेमकं बोट ठेवते.

म्हणजे तुम्हीसुद्धा घाबरला होतात. हे मला कधी सुचलंच नव्हतं. मला वाटायचं, तुम्हाला तुमच्या नजरेची खात्री होती, म्हणून तुम्ही शांत राहिलात. पण माझ्या त्या तीन सेकंदांनी तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांवर शंका आली होती. भर दुपारी रांगेत बसून, हनुवटी त्या यंत्रावर टेकवून तुम्ही अक्षरं वाचलीत, आणि नंबर तोच निघाल्यावर चिठ्ठी पर्समध्ये ठेवून कामावर आलात, खोक्यांना टेप लावायला. या गोष्टीचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

सोमवारी मी ती जुनी फाईल काढली. साहेब म्हणाले, "सुजाता, आठ वर्षं झाली. आता कोण बघतंय ती फाईल?"

"मी बघतेय, साहेब."

"ग्राहकाला काय सांगणार?"

"जे झालं ते."

"लिही मग. माझी सही नको त्याच्यावर." आणि ते केबिनमध्ये गेले. मी लिहिलं. तपासणी करणाऱ्या कुंदाताईंच्या नोंदी आणि त्यांचं निदान बरोबर होतं, दोन वेगळे दोष एका कोडखाली घालण्याची चूक माझी होती, आणि त्यांच्या नजरेबद्दल मी केलेलं विधान खोटं होतं. तीन ओळी. आठ वर्षांना तीन ओळी लागल्या. साहेब अर्ध्या तासाने परत आले, कागद उभ्याने वाचला, खिशातलं पेन काढलं. "मीपण होतो ना त्या मीटिंगमध्ये," म्हणाले आणि सही केली. ग्राहकाला प्रत पाठवली. त्यांच्या इंजिनियरने उलट विचारलं की या दोन्ही प्रकारांचे वेगवेगळे फोटो पाठवता येतील का, त्यांनाही आपला फॉर्म बदलावासा वाटतोय. मीठ आणि साखर, ताई. त्यांनाही कळलं.

चहाच्या वेळी मी तो कागद लाईनवर मोठ्याने वाचून दाखवला. जिथे "घरगुती" म्हणाले होते तिथेच उभी राहून. निम्म्याहून जास्त मुलींनी तुम्हाला कधी पाहिलेलंही नाही. वाचून झाल्यावर मी म्हणाले की आजपासून तक्त्यावर दोन वेगळे रकाने असतील, आणि त्यांची नावं रुसलेला आणि दचकलेला. "मी तुम्हाला फरक समजावून सांगते," असं त्यांना म्हणून मी फळ्याकडे वळले, तर मागे खुसखुस.

"काय झालं?"

 शेवटी पूनम उठली. टिटवाळ्याची आहे, लागून दीड वर्ष झालं, हात चांगला आहे आणि जीभ हातापेक्षा चांगली आहे. "मॅडम, आम्हाला माहितीय फरक. आम्ही तेच म्हणतो."

"तुला कोणी शिकवलं?"

"सगळ्याच म्हणतात. साबुदाणा, ढेरपोट्या, सगळं. फक्त तुम्ही राऊंडला आलात की नाही म्हणत."

 आणि मग मी हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आठ वर्षं, ताई, मी समजत होते की मी तुमची नावं मोडीत काढली. आणि ती माझ्या पाठीमागे, माझ्याच लाईनवर, एका स्टुलावरून दुसऱ्या स्टुलावर जात होती. एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला, आणि सगळ्या मिळून माझ्यासमोर इंग्रजी बोलत होत्या. त्यांना तुमचं नाव ठाऊक नव्हतं. शेजारणी बोलायला लागल्या, हे कोणी पहिल्यांदा म्हटलं ते त्यांना त्या दिवशी कळलं. तुमचं जाणं त्या दिवशी पहिल्यांदा मला थोडं हलकं वाटलं.

आता तक्ता मराठीत आहे. तुमचा भिंगाचा दिवा पूनमच्या टेबलावर आहे. तुम्ही वायर जशी गुंडाळली होतीत तशीच ती कपाटात होती, मी सोडवली.

आणि परवाची गोष्ट सांगून थांबते, कारण ती सांगायलाच मी लिहायला बसले.

परवा सकाळी नवा लॉट चालू होऊन पंधरा मिनिटं झाली असतील. पूनमने हात वर केला. मी जवळ गेले. तिने भिंग माझ्याकडे वळवलं. काठापर्यंत नीट पसरलेलं सोल्डर, आणि अंगावर बारीक सुरकुत्या.

"मॅडम, चेन थांबवा. दचकायला लागलेत."

"किती आहेत?"

"दोनच बोर्ड. पण तापमानाचं नाहीये हे. कोणीतरी हलवतंय."

दोन बोर्डांवरून आजवर कोणी लाईन थांबवली नव्हती. साहेब काचेतून बघत होते. डेटा बघते, असं मी म्हटलं नाही. लाल बटण दाबलं. चेन थांबली, पंखे तेवढे फिरत राहिले, आणि सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. तेव्हा मात्र पूनमच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिच्या हातात तो बोर्ड होता, तिने अजून खाली ठेवला नव्हता.

"मॅडम, माझं चुकलं असेल तर?" ती हळूच म्हणाली.

"चुकलं तर माझ्या नावावर लिही," मी म्हणाले.

चुकलं नव्हतं, कुंदाताई.